उघाडी

आठवडाभर पावसाचा टिपूस नाही, आभाळ लख्ख,
आणि टॅलो स्ट्रीटवर घोटाभर पाणी.
सकाळचे सात अडतीस. पौर्णिमा काल झाली.
मिस युडोरा मॅनिगोंचा फोन काउंटीच्या कचेरीत
उधाणाच्या तक्त्याहूनही वेळेवर:
"तुमची गटार पुन्हा उलटी वाहतेय, बाई."

उलटी. बरोबर शब्द.
हे पाणी वरून आलेलंच नाही,
खाडीतून पाइपात शिरलंय
आणि जाळीतून वर येऊन
कडेच्या गाड्यांची चाकं हुंगतंय.

जुन्या नकाशात इथं रस्ता नाही, ओहळ आहे.
नंतर त्यात काय काय टाकलं:
विटांचे तुकडे, भाताचं तूस, लाकडाचा भुसा,
शिंपल्यांचे ढीग, एखादं मेलेलं घोडं.
त्यावर डांबर, डांबरावर घरक्रमांक.
वळणाचं पाणी वळणावर जातं,
पण हे अहवालात चालत नाही.
अहवालात मी लिहिते: भरतीजन्य पूर, श्रेणी उपद्रव.

उपद्रव म्हणजे कोणी मरत नाही.
मिस युडोराचा फ्रीज विटांवर चढतो,
शाळेची बस चौकाअलीकडेच थांबते,
आणि गॅरेजच्या दारामागे पेन्सिलीची
आणखी एक रेघ. तारखेसकट.
माझ्या संगणकातल्या आलेखापेक्षा
ती रेघ मला जास्त खरी वाटते,
म्हणून मी तिचाही फोटो जोडते,
आणि वरून शेरा येतो: अप्रमाणित.

दोन मैलांवर नवं संकुल होतंय. चौदा एकर वाहनतळ.
पालथा घडा तो हाच.
मायबोलीत कुठं पाणी मुरतंय म्हटलं
की लोक भुवया उंचावतात,
आणि मी इथं बिल्डरांपुढे हात जोडते,
बाबांनो, थोडं तरी मुरू द्या.

दुपारी पावणेदोन, ओहोटी.
थॅडियस प्रेलो कमरेपर्यंत रबरी विजारीत,
मी काठावर, वही घेऊन, चिखलाच्या वासात.
पाइपाच्या तोंडाशी बदकाच्या चोचीसारखी झडप:
आतलं पाणी बाहेर सोडायचं,
बाहेरचं आत घ्यायचं नाही.
चोच मिटत नाहीये.
आत कालवांचा घोस वाढलाय, मुठीएवढा, धारदार.
थॅडियस पहार घालतो,
शिवी हासडतो, मग त्यांची माफी मागतो. कालवांची.

मी सांगते, आमच्या गावी खारबंदिस्तीला
अशीच लाकडी फळी असते. उघाडी म्हणतात.
भरतीनं मिटते, ओहोटीनं उघडते.
माझा चुलता रात्री कंदील घेऊन तिच्याशी बोलायचा.

तो थांबतो.
"आमच्याकडे भाताच्या खाचरांना होती.
माझ्या पणजोबाचा बाप सांभाळायचा.
भरतीची वेळ तो वासावरून ओळखायचा म्हणे.
शेत दुसऱ्याचं.
तोही दुसऱ्याचाच."

मग पुन्हा पहार.
मी वहीत काही लिहीत नाही.
घोस निघतो. तो त्याला फेकत नाही,
थोडं पुढं, गवताच्या मुळाशी नेऊन ठेवतो.
चोच मिटते. आवाजसुद्धा होत नाही.

प्राधान्य यादीत टॅलो स्ट्रीट त्रेचाळिसावी.
यंदाचा निधी अकरापर्यंत पुरेल.
पंप मंजूर झाला तर सहा वर्षं,
समुद्राला मात्र कोणाची मंजुरी लागत नाही.

पुढची पौर्णिमा. सात वाजून गेले, आठ वाजले,
फोन नाही. मी चहा गरम करून घेते.
थॅडियसला निरोप पाठवावा म्हणून मोबाइल उचलते,
तेवढ्यात वाजतोच.

"गटार आज शहाण्यासारखी वागतेय," मिस युडोरा म्हणतात.
"जाळी कोरडी. मी स्वतः वाकून पाहिली."
पलीकडे क्षणभर काहीच नाही,
मग बुटाखाली काहीतरी पचकतं.
"पण बाई, मी अंगणात उभी आहे,
आणि गवत खालून ओलं होतंय."